इंग्रजी भाषा-संस्कृतीत डिग्री करतेय, तयारी नक्की कशाची करायची?

अर्धविराम
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी युनिव्हर्सिटीत इंग्रजी भाषा आणि संस्कृती हा विषय घेतलाय, दुसरं वर्ष संपत आलं. भाषाशास्त्र आहे, साहित्य आहे, ब्रिटन-अमेरिकेचा सामाजिक इतिहास आहे, थोडंफार भाषांतर आहे. विषय मनापासून आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण भेटेल तो विचारतो, मग पुढे काय, शिकवणार का? आणि नाही म्हटलं की समोरचा एकदम गप्प होतो, जणू काही दुखद बातमी दिलीय. करिअरवाल्यांच्या एका सेशनला जाऊन बसले तर तिथे सांगितलं की तुमच्याकडे कम्युनिकेशन स्किल्स आहेत, तुम्हाला सगळी दारं उघडी आहेत. सगळी उघडी आहेत हे ठीक, पण मी सोमवारी सकाळी उठून नक्की कुठल्या दारात जाऊन उभी राहू हे कोणीच सांगत नाही.

तर ज्यांनी हा विषय किंवा याच्या जवळपासचं काही केलंय त्यांनी सांगा, तुम्ही आज काय काम करता आणि शिकत असताना काय करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं?

वाटसरू
रुमाल टाकून ठेवतो. भाचीसाठी वाचतोय.

शाईचा डाग
मी कॉपी एडिटर, बरीच वर्षं. आधी एक कटू गोष्ट सांगून टाकते म्हणजे पुढचं सोपं जाईल. "माझं इंग्रजी चांगलं आहे" हे वाक्य आमच्या कामात कोणी ऐकूनही घेत नाही, कारण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचं चांगलं असतं. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर तुमच्या हातून गेला की तो सुधारतो का, आणि काय बदललं, का बदललं हे त्या लेखकाला न दुखावता सांगता येतं का, यावर काम मिळतं. आणि ते तोंडी सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

म्हणून माझा सल्ला एकच आणि तोही फुकट. एक वाईट मजकूर शोध. नोटीस, नियमावली, फॉर्म, काहीही, आजूबाजूला ढिगाने मिळतील. तो नीट कर. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही जपून ठेव आणि सोबत एक पान लिही की कुठला बदल का केला. असे चार-पाच नमुने तयार असले की डिग्रीच्या कागदाच्या आधी लोक ते बघतात.

आणि हो, कॉपी एडिटिंग आणि प्रूफरीडिंग ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात वाक्याला हात लावायचा, दुसऱ्यात पान लागल्यावर राहिलेल्या चुका पकडायच्या, तिथे वाक्य "सुंदर" करायला गेलात तर शिव्या बसतात. मी बसवून घेतल्यात. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल, म्हणजे इंग्रजी संपादनाच्या नियमांचा जाडजूड संदर्भग्रंथ, लायब्ररीत असेलच, १९०६ पासून निघतंय, पाठ करू नकोस, पण एखादी गोष्ट त्यात कुठे शोधायची एवढी सवय कर. आणि प्रत्येक कामाची स्टाइल शीट बनवायला शीक, म्हणजे या मजकुरात हा शब्द असाच लिहायचा, आकडे असेच, तारखा अशाच, अशी यादी. कंटाळवाणी वाटते, तीनशे पानांच्या कामात तीच वाचवते.

कुंपणावरचा
सगळं बरोबर आहे हो ताई, पण एआय आलंय हे कोणी बोलणार आहे का? एडिटिंग, भाषांतर, कंटेंट, सगळं मशीन करतंय. या मुलीला खरं सांगा की दुसरं काहीतरी शिक. संस्कृतीबिंस्कृती तर सोडूनच द्या, इंटरव्ह्यूत कोण विचारतं की व्हिक्टोरियन काळात लोक काय करायचे.

दोन ओळी
@कुंपणावरचा, अर्धं मान्य, अर्धं अजिबात नाही.

मी लोकलायझेशनमध्ये आहे, म्हणजे ॲप, वेबसाइट वगैरे दुसऱ्या भाषेत वापरण्याजोगं करायचं काम, आणि अधूनमधून सबटायटल्स करते. मशीनने काम खाल्लंय का, तर खाल्लंय. सरळसोट मजकुराचं भाषांतर आता बहुतेक वेळा मशीन आधी करतं आणि आम्ही ते तपासून सुधारतो, त्याला पोस्ट एडिटिंग म्हणतात आणि त्याचं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्टँडर्डसुद्धा आहे, आयएसओ १८५८७, २०१७ मध्ये आलं. माणसाने केलेल्या भाषांतरासाठी आयएसओ १७१०० आहे, त्यात तर एकाने केलेलं भाषांतर दुसऱ्याने मूळ मजकुराशी ताडून बघणं सक्तीचं आहे. म्हणजे तपासणारा माणूस हा या धंद्यात आधीपासून आहे, फक्त आता त्याच्या टेबलावर ढीग वाढलाय आणि दर कमी झालाय, हेही खरं.

पण काय तपासायचं ते ऐक. ॲपमध्ये एक वाक्य असतं, अमुक जॉइन झालं. इंग्रजीत नाव बदललं तरी वाक्य तेच. मराठीत आणलं की "सामील झाला" की "सामील झाली"? नावाच्या जागी कोण येणार हे आपल्याला माहीतच नसतं, ती जागा रिकामी असते. मशीन बिनधास्त "झाला" ठोकून मोकळं होतं. आता इथे जिला व्याकरण खरंच कळतं ती काय करते, वाक्यच फिरवते, "अमुक यांनी ग्रुप जॉइन केला". क्रियापद आता ग्रुपशी जुळतं, माणसाशी नाही, बाई असो की बुवा असो वाक्य चालतं. हे तुम्ही दुसऱ्या वर्षाला जे कर्तरी-कर्मणी प्रयोग आणि अर्गेटिव्ह (कर्त्याला "ने/नी" लागला की क्रियापद कर्माशी जुळतं ते) वगैरे शिकून "याचा उपयोग काय" म्हणता ना, त्याचा उपयोग हा. मला पहिलं बरं काम या एका वाक्यामुळे मिळालं, टेस्टमध्ये मी खाली तळटीप टाकली होती की असं का केलं.

अर्धविराम, भाषांतरात जायचं तर दोन गोष्टी. एक, व्यावसायिक भाषांतर साधारणपणे परकीय भाषेतून आपल्या भाषेत केलं जातं, उलटं कमी, त्यामुळे इंग्रजीबरोबर मराठी धारदार ठेव. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांची मराठी गंजते हे मी रोज बघते. दुसरं, कॅट टूल, म्हणजे भाषांतराला मदत करणारं सॉफ्टवेअर, काय असतं ते आत्ताच बघ, ट्राडॉस, मेमोक्यू, फुकटातलं ओमेगाटी. ट्रान्सलेशन मेमरी (आधी केलेल्या भाषांतरांचा साठा), टर्मबेस (ठरवलेल्या संज्ञांची यादी) हे शब्द मुलाखतीत पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ नये.

सबटायटलचं थोडक्यात सांगते नाहीतर मी इथेच रात्र काढीन. जास्तीत जास्त दोन ओळी, इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी ओळीला ४२ अक्षरं, सेकंदाला १७ ते २० अक्षरांच्या वर वाचणाऱ्याला झेपत नाही. म्हणजे माणूस बोलतो त्यातलं बरंचसं टाकावं लागतं. काय टाकायचं हे कळण्यासाठी कोण कोणाशी कुठल्या नात्याने बोलतंय ते कळावं लागतं. ते म्हणजे संस्कृतीच, @कुंपणावरचा.

कुंपणावरचा
ग्रुप जॉइन केला वालं आवडलं, मान्य. पण संस्कृतीचा तास अजून पटला नाही.

ठोकळेबाज
माझं घ्या मग. टेक्निकल रायटर आहे, सॉफ्टवेअर आणि आधी मशिनरीच्या मॅन्युअल्सवर. नवीन असताना एका मीटिंगचे मिनिट्स लिहायला बसलो होतो, एक ब्रिटिश गृहस्थ म्हणाले लेट्स टेबल धिस. मी लिहिलं विषय पुढे ढकलला, कारण अमेरिकन लोकांबरोबर काम करून तसाच अर्थ डोक्यात होता. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं, अमेरिकनमध्ये बाजूला ठेवणं, बरोब्बर उलटं. दोन दिवस दोन टीम एकमेकांची वाट बघत बसल्या. नंतर कळलं की दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा लांबलचक वाद झाला होता आणि चर्चिलने तो लिहून ठेवलाय, तेव्हा जरा बरं वाटलं की आपण एकटे नाही. हे कुठल्याच स्पोकन इंग्लिशच्या क्लासात नसतं, संस्कृतीच्या तासाला असतं.

आता धागाकर्तीसाठी. टेक्निकल रायटिंगचा विचार कर, इंग्रजीवाले याला घाबरतात कारण नावात टेक्निकल आहे. प्रोग्रामिंग यायची गरज नाही, पण मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) आणि गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) या दोन गोष्टी यायला हव्यात, एका आठवड्याच्या आत कामापुरत्या येतात. मग एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या, सॉफ्टवेअर प्रोजेक्टची डॉक्युमेंटेशन बघ, जिथे अडखळलीस तिथे दुरुस्ती पाठव. ती स्वीकारली गेली की तुझ्या नावावर कायमची दिसते, याहून चांगला पोर्टफोलिओ नाही.

गंमत म्हणून सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश बघ, विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी बनवलेली, नियमांनी बांधलेली भाषा, कोड एएसडी-एसटीई१००. एका शब्दाला एकच अर्थ. फॉलो म्हणजे फक्त "नंतर येणे", सूचना "फॉलो" करायच्या नाहीत, "ओबे" करायच्या. कृतीच्या वाक्यात २० च्या वर शब्द नाहीत. साहित्याचे विद्यार्थी हे ऐकून आजारी पडतात पण रात्रपाळीला थकलेला मेकॅनिक, ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, त्याच्या बाजूने विचार करा.

टॉवर
वा, विमानाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. मी एव्हिएशन इंग्लिश शिकवतो आणि तपासतो, पायलट आणि त्यांना जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलर लोकांचं. माझी डिग्री धागाकर्तीचीच. हे काम अस्तित्वात आहे हे मला शिकताना कोणी सांगितलं नव्हतं.

१९७७ ला टेनेरिफला धावपट्टीवर दोन जम्बो एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, धुकं, एकावर एक आलेले रेडिओ संदेश, पण त्यात एक वाक्यही होतं, वी आर नाऊ ॲट टेकऑफ. कंट्रोलरला वाटलं विमान टेकऑफच्या जागी उभं आहे, प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. त्यानंतर टेकऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं झालं, बाकी वेळी डिपार्चर म्हणायचं. एका प्रीपोझिशनचा अर्थ काय होतो यावर माझी निम्मी लेक्चर्स चालतात. १९९० मध्ये एका विमानाचं इंधन संपत आलेलं, क्रू ते सांगतही होता पण इमर्जन्सी हा शब्द काही त्यांनी वापरला नाही, ७३ माणसं गेली. बोलण्यामागचा हेतू, म्हणजे हे नुसतं सांगणं आहे की मदतीची मागणी, यालाच तुमच्या प्रॅग्मॅटिक्सच्या पुस्तकात इलोक्युशनरी फोर्स म्हणतात ना.

आता आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्यांना आयकाओच्या, म्हणजे नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, इंग्रजीच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी लागते. चौथीवाल्यांनी दर ३ वर्षांनी परत परीक्षा द्यायची, पाचवीवाल्यांनी ६ वर्षांनी. म्हणजे शिकवणारे, पेपर काढणारे, रेटिंग देणारे लागतातच. असंच नर्सेससाठी, वकिलांसाठी, जहाजांसाठी इंग्रजी असतं. इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस म्हणून शोध. त्यात जायचं तर त्या दुसऱ्या क्षेत्राची भाषा आधी विद्यार्थी होऊन शिकावी लागते, मी दोन महिने नुसता हेडफोन लावून टॉवरचं बोलणं ऐकत बसलो होतो.

वर्गशिक्षिका
मी शिकवते आणि "टीचर होणार का" याला सगळे इतके का दचकतात हे मला कळलेलं नाही, असो, तो वेगळा धागा होईल.

ज्यांना शिकवायचंय त्यांच्यासाठी एवढंच. मोठ्यांना इंग्रजी शिकवायचं तर सेल्टा हे जगभर ओळखलं जाणारं सर्टिफिकेट आहे, साधारण १२० तासांचा कोर्स, त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं आणि मागे बसून कोणीतरी तपासणार. तो मागे बसलेला माणूसच महत्त्वाचा. ज्या सर्टिफिकेटमध्ये खरा वर्ग नाही, नुसती व्हिडिओ आणि क्विझ आहे, त्यावर पैसे घालवण्याआधी दहादा विचार कर. शाळेत शिकवायचं तर त्या त्या देशाची शिक्षक पात्रता वेगळी लागते, सेल्टा तिथे चालत नाही, हे लोक गृहीत धरतात आणि फसतात.

आणि भाषा किती येते हे मोजायच्या ए१ ते सी२ या ज्या युरोपीय लेव्हल्स आहेत ना, त्यांची वर्णनं एकदा मूळ वाचून काढा. सगळे सीव्हीत सी१ लिहितात, बी२ पेक्षा त्यात नक्की काय जास्त येतं असं विचारलं की शांतता.

दोन ओळी
सीव्हीत "फ्लुएंट इन इंग्लिश" लिहिणाऱ्या इंग्रजीच्या पदवीधरांसाठी पण एक धागा काढा. अरे तेच तर शिकलात ना.

कुंपणावरचा
😂 मी तेच लिहिलेलं. काढतो.

अर्धविराम
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, दोनदा वाचले. खरं सांगू तर वाचून आधी जास्तच गोंधळले, एव्हिएशन काय, मॅन्युअल काय. मग म्हटलं विचार करत बसण्यापेक्षा शाईचा डाग यांचा गृहपाठ करून बघू.

आमच्या लायब्ररीत दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवायचं असेल तर त्याची एक नोटीस आहे, इंग्रजीत, एक अख्खं पान. २४० शब्द. मी ती घरी आणून बसले. भाषा सोपी करणं अर्ध्या तासात झालं, सगळे शॅल आणि हेअरइन काढले, ९० शब्दांत आणली, स्वतःवर खूश. आणि मग एका वाक्यावर अडकले. "बॉरोअर्स मे नॉट बी नोटिफाइड". याचा अर्थ काय? कळवायला मनाई आहे? की कळवूच असं नाही? मे नॉटचे दोन्ही अर्थ होतात, मोडल्सच्या (मे, मस्ट, शॅल वगैरे सहायक क्रियापदांच्या) पेपरात हाच प्रश्न होता आणि मला त्यात चांगले मार्क पडलेत.

तर लायब्ररीत जाऊन विचारलं. काउंटरवरच्या बाईंनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या आम्ही कळवतो की, ईमेल करतो. मग आतल्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले नाही नाही, पुस्तक परत मागवलं तर कळवत नाही, आलं की कळवतो. म्हणजे त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि तिसरीच लिहिलेली. माझ्या ९० शब्दांत तर मी "कळवलं जाणार नाही" असं ठामपणे लिहून मोकळी झाले होते, म्हणजे मूळ नोटीस निदान संदिग्ध होती, माझी साफ चुकीची.

शाईचा डाग
शाब्बास. आता तुला कळलं हे काम काय असतं. वाक्य लहान करायला मशीनला दोन सेकंद लागतात आणि तेही अगदी तुझ्यासारखंच ठामपणे चुकतं. काउंटरवर जाऊन "याचा अर्थ काय" विचारायला माणूस लागतो. आम्ही याला क्वेरी म्हणतो. चांगला एडिटर किती बदल करतो यापेक्षा कुठे थांबून क्वेरी टाकतो यावर मी त्याला जोखते.

तुझ्या त्या एका पानावर हे सगळं लिही, चुकलेला मसुदा लपवू नकोस. मुलाखतीत सांगायला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही.

ठोकळेबाज
+१. आम्ही माहितगार माणसाला एसएमई (सब्जेक्ट मॅटर एक्स्पर्ट) म्हणतो आणि आमचा निम्मा वेळ त्याला गाठण्यात जातो. लिहिणं उरलेल्या वेळात. आणि प्लेन लँग्वेजचं पण आयएसओ स्टँडर्ड आलंय २०२३ मध्ये, २४४९५-१. त्यातला गाभा एवढाच की वाचणाऱ्याला हवं ते सापडलं पाहिजे, कळलं पाहिजे आणि वापरता आलं पाहिजे. शब्द कमी झाले का हे मोजमाप नाही. नोटीस लावल्यावर चार जणांना वाचायला दे आणि बघ, "पुस्तक आलं की तुला कसं कळेल?" असं विचार. "समजलं का" विचारू नकोस, सगळे हो म्हणतात.

टॉवर
आणि त्या चारांत एक तरी असा घे ज्याचं इंग्रजी कच्चं आहे.

वाटसरू
भाचीला धागा पाठवला. ती विचारतेय इंटरप्रीटर होणं कसं असतं, कोणी आहे का इथे?

दोन ओळी
मी थोडे दिवस प्रयत्न केला होता, जमलं नाही. ते भाषांतरापेक्षा फार वेगळं स्नायूंचं काम आहे. कॉन्फरन्समध्ये बूथमध्ये दोघं असतात आणि साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलतात, कारण त्याच्या पुढे मेंदू साथ देत नाही. भाचीला सांगा, पाच मिनिटांचं भाषण ऐकायचं, मोजक्या खुणांच्या नोट्स घ्यायच्या आणि लगेच दुसऱ्या भाषेत उभं राहून बोलायचं, ते रेकॉर्ड करून ऐकायचं. पंधरा दिवसांनीही स्वतःचा आवाज सहन होत असेल तर पुढे जा. आणि पदव्युत्तर ट्रेनिंग लागतंच, नुसत्या बीएवर बूथमध्ये कोणी बसवत नाही.

अर्धविराम
अपडेट. चार जणांना वाचायला दिली. तिघांना जमलं, चौथा म्हणाला पुस्तक आलं की काउंटरवर येऊन विचारावं लागेल, कारण ईमेलचं वाक्य मी अगदी शेवटी टाकलं होतं आणि तो तिथपर्यंत गेलाच नाही. वर आणलं. आता १३० शब्द झालेत, माझ्या पहिल्या ९० पेक्षा जास्तच, पण बरोबर आहेत. लायब्ररीने लावली पण!

आणि आता त्या काउंटरवरच्या बाई म्हणतायत, लॉकरचे नियम आणि दंडाचं पत्रक पण करून देशील का. करायला आवडेल, पण तेही फुकटच करायचं का? पहिल्यांदाच कोणी काम विचारलंय, नाही म्हणायचं कसं तेही कळत नाही.

शाईचा डाग
दंडाचं पत्रक घे, त्यात पैसे गुंतलेत म्हणजे भांडणं आहेत, म्हणजे क्वेऱ्या मिळतील. पैसे नसतील देत तर साहेबांकडून लेखी दोन ओळी घे की हे काम तू केलंस आणि नमुना म्हणून दाखवायची परवानगी आहे. काम सुरू करायच्या आधी घे, नंतर नाही. लॉकरचं त्यांना सांग पुढच्या महिन्यात, आणि तेव्हा तासाचा दर सांग.

अर्धविराम
दर किती सांगू?

शाईचा डाग
दंडाचं पत्रक करताना किती तास लागले ते लिहून ठेव. मग इथेच विचार.